गुडघ्याएवढा पलंग

लोक गादी घेताना तिच्यावर बसून बघतात, हाताने दाबून बघतात, काही जण तर दुकानातच चपला काढून आडवे होतात. गादी ज्याच्यावर ठेवायची, त्याच्या खाली वाकून मात्र कुणी बघत नाही. माझं तसं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात सगळी नोकरी मी तपासणी खात्यात काढली. समोर आलेली वस्तू उलटी करून बघायची, तिच्यात खोट काढायची आणि वर शिव्या खायच्या, हे माझं काम. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. बायको पाहुण्यांना सांगायची, "ह्यांना जेवायला वाढलं ना, तर ताट उचलून आधी खालून बघतील."

तिचा आजार हाडांत उतरला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सगळं समजावून सांगितलं. आता उपचार दुखणं कमी करण्यासाठी, तेवढेच. घरी न्या, पाठ सरळ राहील असं बघा, कूस बदलत राहा, चांगली गादी घ्या. त्यातलं 'तेवढेच' मी ऐकलंच नाही. मी गादी ऐकली. माणसाला हाताला काहीतरी धरायला लागतं. मी गादी धरली आणि दवाखान्यातून थेट दुकानात गेलो.

गादी झकास होती, जाड आणि मऊ, पण अंग आत ओढून घेणारी नव्हती. ती आम्ही आमच्या बॉक्सच्या दिवाणावर टाकली. थोड्याच दिवसांत ती मधोमध खचल्यासारखी झाली. बायको कडेला झोपवली तरी घरंगळत मध्ये यायची आणि पाठीतून कळ गेली की ओठ दाबून छताकडे बघत राहायची. दुकानदाराला चार शब्द सुनवायचे म्हणून मी गादी उभी केली, तर खालचा प्लायवूड परातीसारखा वाकलेला, आणि गादीच्या पोटाला ओल धरून काळे ठिपके आलेले. उन्हाळ्याचे दिवस, कूलरची दमट हवा, खाली बंद पेटी. वारा जायला जागाच नव्हती. खोट गादीत नव्हती, खालचा आधार गेला होता.

त्या पेटीत तिच्या गोधड्या, तांब्याची भांडी, दिवाळीच्या माळा असा संसार भरला होता. "ह्याच्यात ठेवलेलं काय सापडतं तरी का कधी," ती म्हणाली. "ह्या खेपेला पेटी नको. खालून झाडता आलं पाहिजे." ती आठवड्याभरात एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलली होती, म्हणून मी ते लगेच मान्य केलं.

पलंग ही आमच्या घरात जुनी दुखरी गोष्ट. माझ्या वडिलांनी बनवून घेतलेला एक सागवानी पलंग होता. आई झोपेतच त्याच्यावर गेली. आमच्याकडे आणि बायकोच्या माहेरीही असं मानतात की माणसाची वेळ आली की त्याला पलंगावरून उतरवून जमिनीवर घ्यावं, आणि ज्या पलंगावर जीव जातो तो घरात ठेवू नये. आईला खाली घ्यायला कुणाला उमगलंच नाही. दिवस झाल्यावर चुलत्यांनी तो सागवानी पलंग उचलून देऊन टाकला. त्यानंतर दिवाण येईपर्यंत कित्येक वर्षं आम्ही दोघं फरशीवर झोपलो. माझे गुडघे तेव्हापासून धरले, असं बायकोचं ठाम मत होतं. मी म्हणायचो, कारखान्यात उभं राहून धरले. ह्या वादाचा निकाल कधी लागला नाही.

मी जालना रोडवरची फर्निचरची दुकानं पालथी घातली. पालथी म्हणजे अक्षरशः. सेल्समन वरच्या कुशनची तारीफ करत असायचा आणि मी मोबाइलची बॅटरी लावून पलंगाखाली शिरलेला असायचो. एका पोराने तर "काका, काय पडलं का?" म्हणून सोबत शोधायला सुरुवात केली. कुठे प्लायची जाडी फसवी, कुठे मधला पाय नाही, कुठे पट्ट्या इतक्या लांब लांब की गादी त्यांच्यातून लोंबावी. शहागंजात नवारीची बाजही बघितली. बाज मला आवडते, पण ती झोळ पडणारी, आणि हिच्या पाठीला तोच तर नको होता.

मी दुकानातून तिला व्हिडिओ कॉल लावायचो. पट्ट्या दाखवायचो, सांधे दाखवायचो. तिला त्यात रस नसायचा. ती दर वेळी एकच विचारायची.

"बसून बघितलं का?"

"मी कशाला बसू? झोपायचंय तुला."

"बसा आधी. उठता येतं का बघा."

मी बसायचो, हात टेकवून कण्हत उठायचो आणि ती म्हणायची, "नाय. हे नको." मला वाटायचं, मला तिची सेवा करायची आहे म्हणून ती विचारते. तिला कूस वळवायला, पाणी पाजायला मीच तर कडेला बसणार होतो.

शेवटी बनवूनच घ्यायचं ठरलं. चिकलठाण्याला एक वेल्डिंगवाला होता. लोखंडी चौकट, वर सागाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत चार बोटांचं अंतर, मधोमध जादा पाय आणि सगळीकडून गादी घसरू नये एवढी कड, असं मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंकल, पलंग बनाना है के पूल?"

राहिली उंची. घरी ड्रेसिंगला येणारी सिस्टर म्हणाली, उंच करा, दवाखान्यासारखा, म्हणजे तुम्हाला वाकावं लागणार नाही. माझंही तेच मत होतं. पण बायकोने तो विषय स्वतःकडे घेतला. दिवाणावर पडल्या पडल्या तिने मला देवघरातला चौरंग आणायला लावला.

"बसा त्याच्यावर."

"सत्यनारायणाच्या जागी बसवतेस मला?"

"बसा. आता हात न टेकता उठा."

उठता आलं नाही. मग तिने रद्दीचा एक गठ्ठा चौरंगावर ठेवायला सांगितला. पुन्हा बसा, पुन्हा उठा. अजून एक गठ्ठा. मी वैतागलो, भूक लागली होती, पण तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी थोडं हसू होतं, म्हणून बसत-उठत राहिलो. अखेर एकदाचा मी दोन्ही हात हवेत धरून सरळ उभा राहिलो. ती म्हणाली, "हां. टेप लावा." टेप लावली तर ती उंची बरोबर माझ्या गुडघ्याएवढी निघाली.

"एवढा बुटका पलंग! तुला उठवताना वाकून वाकून माझी कंबर जाईल," मी म्हणालो.

"वाका की. नाहीतरी सगळ्या गावाच्या पलंगाखाली वाकताच तुम्ही."

मी चिडलो, पण गादी धरून उंची तिच्या मनासारखीच सांगितली.

वेल्डिंगवाल्याने चौकट द्यायच्या आदल्या दिवशी जुना दिवाण नेला. तेवढ्यापुरती गादी मी बैठकीत फरशीवर टाकली. नवा पलंग दारातून आत आणायला अडचण नको म्हणून खुर्च्या, टीपॉय सगळं भिंतीकडे सारलं. मधोमध गादी, तिच्यावर धुतलेली पांढरी चादर, डासांसाठी उशाशी लावलेली उदबत्ती. गोळीच्या अमलाखाली बायको तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. नेमकं त्याच वेळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की माणूस बाकीचं सगळं विसरतो. मी दार नुसतं लोटून गच्चीवर टाकीपाशी गेलो.

तिचं माहेर चितेगावच्या पुढे, आत. तिचा एक मावसभाऊ शहरात कामाला येताना तिथून ज्वारी, शेंगा असं काही आणून द्यायचा. तो त्या दिवशी आला. त्याने दार ढकललं आणि समोर बघितलं. रिकामी बैठक, जमिनीवर मावसबहीण, उशाशी उदबत्ती. आमच्या माणसांना एवढं पुरतं. त्याने ना हाक मारली, ना आत पाऊल टाकलं. पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली, दार ओढून घेतलं, कोपऱ्यावर जाऊन रडत रडत गावाला फोन केला.

मी खाली आलो, पिशवी आत घेतली. आणणारा घाईत असेल म्हणून नळी गुंडाळली, चहा पिऊन पेपर वाचत बसलो. दुपारी गल्लीच्या तोंडाशी बायकांचा हंबरडा ऐकू आला. कुणाच्या घरी काय झालं म्हणून मी दारात गेलो, तर क्रुझर गाडीतून माझा मेहुणा, त्याची बायको, तो मावसभाऊ, बाकी चुलत-मावस अशी सगळी माणसं उतरत होती. मेहुण्याने मला मिठीच मारली. "दाजी, आमची आक्का..." एवढंच त्याला बोलता आलं. मला वाटलं ह्यांच्याकडेच कुणी गेलं असणार आणि मी त्याची पाठ थोपटू लागलो. बायका मला ओलांडून आत घुसल्या आणि गादीच्या दोन्ही बाजूंनी बसून त्यांनी जो गळा काढला, त्याने बायको दचकून जागी झाली.

तिने एकेकीकडे बघितलं. मग घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

रडणं एकदम थांबलं. कुणीतरी किंचाळलं. मेहुणा मला सोडून आत धावला. "आक्का, तू हायीस?"

"न्हाय तर कुठं जाऊ? काहून रडायलेत तुम्ही?"

सकाळी पिशवी कोण ठेवून गेलं आणि काय समजून गेलं ते कळल्यावर माझं डोकं फिरलं. मी मावसभावाला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "आत येऊन बघायला काय झालं होतं? तोंडाला काय कुलूप होतं?" असं मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "दाजी, आक्का खाली दिसल्या. खाली दिसल्यावर अजून काय बघायचं?"

हे ऐकून बायको हसायला लागली. हसताना पाठीत कळ येत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसत होती. मग सगळेच हसले आणि हसता हसता पुन्हा रडले. भिंतीपलीकडच्या भाभी आवाज ऐकून पदर सावरत आल्या. त्यांनी घरातली माणसं मोजली आणि मला म्हणाल्या, "भाईसाब, तुम बैठो. चाय मैं बनाती." त्यांच्या आणि आमच्या घरचे कप एकत्र करून सगळ्यांना चहा झाला.

मेहुणा बहिणीचा हात धरून बसला होता. ती त्याला म्हणाली, "बरं झालं आलास. आपल्यासाठी कोण कसं रडतंय, हे कुणाला ऐकायला मिळतं? लई ग्वाड वाटलं बघ." संध्याकाळपर्यंत माणसं एकेक करून तिच्याजवळ बसून गेली. मेहुण्याची बायको सगळ्यांत जास्त वेळ बसली. दोघी डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत होत्या. मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या. मला वाटलं, माझीच चहाडी चालली असेल.

निघताना मेहुणा मला म्हणाला, "दाजी, आता फोन आला की आधी इचारीन, वर हाय का खाली." त्याने ते थट्टेत म्हटलं आणि मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी पलंग आला. चार कोपरे फरशीला बरोबर टेकले, एकही पाय हलला नाही. पट्ट्यांवर गादी बसली आणि गादीवर ती. त्या रात्री तिला झोप लागली. पुढे पडून पडून पाठीवर आलेले लाल चट्टेही फिके पडले. मला काय आनंद झाला सांगू. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी वाकून पट्ट्या बघायला लावायचो. खालून वारा कसा खेळतो, मधला पाय कसा भार घेतो, सगळं सांगायचो. गादी बरी, पाठ बरी, चट्टे बरे, म्हणजे आता ही बरी, असा माझा हिशेब चालला होता. डॉक्टर काहीही म्हणोत.

मी तिच्या बाजूला खाली चटईवर झोपायचो. सकाळी पलंगाची चौकट धरून, दोनदा घसरून, तिसऱ्यांदा उभा राहायचो. ती ते बघत असायची. एकदा म्हणाली, "अहो, येळ आली की मला खाली घ्या हां."

"काही वेळ येत नाही. गप पड."

"व्हय. पण घ्या."

"एवढा पलंग केला तो काय खाली झोपायला?" मी ओरडलोच. मला त्या शब्दाचीच चीड येत होती. तिने वाद घातला नाही. फक्त पुढच्या खेपेला पुन्हा म्हणाली. मी कधी हो म्हटलं नाही. हो म्हटलं असतं तर सगळंच कबूल केल्यासारखं झालं असतं.

पावसाळा सरता सरता ती खाईनाशी झाली. मग बोलेनाशी झाली. एका सकाळी मी चमच्याने चहा पाजत होतो, तो ओठांच्या कडेने बाहेर आला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि हाताची बोटं पलंगाच्या कडेवरून खाली नेली. त्या बुटक्या पलंगावरूनही ती फरशीपर्यंत पोचत नव्हती. "खाली," ती म्हणाली.

काही होत नाही तुला, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिचे डोळे बघून ते परत गेलं. मी भिंतीवर हात आपटून भाभींना हाक मारली. त्या आणि त्यांचे मिस्टर दोघं धावत आले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "पैर की तरफ मैं हूं, तुम सर संभालो," ते म्हणाले. मी गादीसकट उतरवायला बघत होतो, तर तिने मान हलवली. मग भाभींनी फरशीवर तिचीच एक गोधडी अंथरली आणि आम्ही तिला चादरीत धरून अलगद खाली घेतलं. तिचं वजन लागलंच नाही. पलंग उंच केला असता तर माझ्याच्याने हे झालं नसतं.

मी फरशीवर बसलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. तिने तळहात गोधडीबाहेर काढून फरशीवर सपाट ठेवला. भाभी दारापाशी उभ्या राहून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या. ऊन उंबऱ्याच्या आत आलं, तेव्हा ती गेली.

मी मेहुण्याला फोन लावला. माझा आवाज ऐकला तरी आधी त्याचा विश्वास बसेना. हळूच म्हणाला, "दाजी, वर हाय का खाली?"

"खाली," मी म्हणालो.

त्याने मागे कुणाला तरी गाडी काढायला सांगितलं. मग म्हणाला, "निघालो."

तेराव्याची जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी बैठकीत बसली होती. चुलते म्हणाले, "आता पलंगाचं बघा. आजारपणाचा पलंग घरात कशाला? गरजवंताला देऊन टाका." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी माझ्यात भांडण उरलं नव्हतं. न्या म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मेहुण्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. एरवी ही बाई आमच्या थोरल्यांपुढे पदराआडूनही बोलत नाही.

"पलंग जाणार नाय," ती म्हणाली. "त्याच्यावर वन्सं गेल्या न्हाईत. खाली गेल्या."

चुलते म्हणाले, तसं असलं तरी. पण तिने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"दाजी, त्या दिवशी आम्ही सगळे रडत आलो, तवा वन्संनी मला जवळ घेऊन सांगितलं. म्हणाल्या, सासूबाईंच्या येळंला पलंग गेला आन् ह्यांनी फरशीवर झोपून गुडघे घालवले. आता मी ह्यांच्या मापाचा करून घेतलाय. मी त्याच्यावर गेले तर ह्यो बी नेतील. ते मला खाली घेतील, पण त्यांना सांगून उपयोग न्हाय, चिडतात. माघारी कुणी पलंगाला हात लावला तर तू बोल."

चुलत्यांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली.

मी उठून आतल्या खोलीत गेलो. चादर काढलेली होती, नुसती गादी होती. मी तिच्या कडेला बसलो. दोन्ही पाय फरशीवर सपाट टेकले, गुडघे बरोबर काटकोनात आले. सगळ्या शहरातले पलंग मी उलटेपालटे करून बघितले होते आणि हा कुणासाठी बनतोय ते मला दिसलं नव्हतं. ती मला चौरंगावर बसवून उठवत होती तेव्हासुद्धा नाही.

बसून बघितलं का, उठता येतं का, असं ती फोनवरून विचारायची. उठता येतं. हात न टेकता उठता येतं. त्या दिवशी मात्र बाहेरची माणसं पांगेपर्यंत मी उठलो नाही.